काडतुसातील गोळीचे स्थान : एका समजुतीचा इतिहास

रायफलीची काडतुसे घरी स्वतः भरणाऱ्या अमेरिकी नेमबाजांत एक समजूत दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. पुंगळीच्या तोंडात गोळी इतक्याच खोलीवर बसवावी की, काडतूस रायफलीत सरकविल्यावर गोळी नळीतील आट्यांना टेकावी, निदान टेकता टेकता राहावी. हे अंतर जितके थोडे तितका नेम अचूक. ही समजूत सर्वस्वी खोटी नाही. तथापि तिचा इतिहास पाहता असे दिसते की, ती प्रयोगातून जितकी सिद्ध झाली, त्याहून अधिक ती एका जुन्या हत्याराकडून वारशाने आलेली आहे.

प्रश्नाचे स्वरूप प्रथम स्पष्ट केले पाहिजे. नळीच्या मागील टोकास पुंगळी बसण्याची कोठी असते. कोठीच्या पुढे थोडी गुळगुळीत जागा असते आणि तेथून सर्पिल आटे सुरू होतात. दारू पेटली की गोळी पुंगळीतून सुटते, ही मोकळी जागा ओलांडते आणि मग आट्यांत रुतून फिरू लागते. ओलांडताना ती किंचितही कलली, तर कललेलीच आट्यांत शिरते. गोळी आधीच टेकलेली असल्यास हा धोका कमी होतो. मात्र तिला सुरुवातीचा वेग न मिळताच आट्यांचा विरोध सहन करावा लागतो आणि दाब अधिक चढतो. उलटपक्षी गोळी फार आत दाबल्यास दारूची जागा आकुंचित होते. म्हणजे बसविण्याची खोली ही केवळ नेमाची बाब नसून दाबाचीही आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मनांनी आपल्यासोबत आणलेल्या शुत्सेन नावाच्या नेमबाजी-मंडळांत हा प्रश्न मुळी उद्भवतच नव्हता, कारण तेथे गोळी पुंगळीत बसविलीच जात नसे. एकेरी बाराच्या रायफलीत शिशाची गोळी एका छोट्या उपकरणाने आधीच आट्यांत दाबून बसवीत आणि तिच्यामागे केवळ दारूने भरलेली पुंगळी सरकवीत. विख्यात नळीकार हॅरी पोप (१८६१–१९५०) याच्या रायफलींत तर गोळी नळीच्या पुढील तोंडातून ठोकीत आणि दारूची पुंगळी मागून घालीत. ठासणीच्या बंदुकीची ही सवय होय. हत्यार बदलले, पण गोळी आट्यांशी संलग्न असावी हा संस्कार टिकला.

याच वर्तुळात वावरणारा मॅसॅच्युसेट्समधील डॉ. फ्रँकलिन मान हा वैद्यकशास्त्राचा पदवीधर. पोपच्या नळ्या वापरून त्याने अनेक वर्षे प्रयोग केले आणि १९०९ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मानने गोळ्या मुद्दाम बिघडवून झाडल्या. गोळीचे टोक विद्रूप केले तरी नेम फारसा ढळत नाही, परंतु बुडाशी बारीकसा दोष असला तरी ती भलतीकडे जाते, हे त्याने दाखविले. पुढील नेमबाजांनी मानचे नाव आदराने घेतले. त्याची पद्धत मात्र थोड्यांनीच उचलली. एक घटक बदलावा व बाकीचे स्थिर ठेवावेत, ही शिस्त कंटाळवाणी खरी.

लष्करी शस्त्रागारांना हा प्रश्न वेगळ्याच मार्गाने भेडसावला. १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीची गोळी २२० ग्रेन वजनाची, बोथट व लांब होती. १९०६ साली तिच्या जागी १५० ग्रेनची टोकदार गोळी आली. ही आखूड गोळी जुन्या कोठीत आट्यांपासून फारच मागे राहिली असती. म्हणून पुंगळीची मान आखूड करण्यात आली, आणि तयार रायफलींच्या नळ्या ०.२ इंच मागे घेऊन त्यांत कोठ्या नव्याने कोरण्यात आल्या. तरीही सैनिकी काडतूस आट्यांना टेकविणे कोणासच परवडणारे नव्हते. ते प्रत्येक रायफलीत बसले पाहिजे, पेटीत मावले पाहिजे. शिवाय आट्यांत रुतलेले काडतूस न झाडता काढू गेल्यास गोळी नळीत अडकून दारू सांडण्याचा संभव असतो.

रॉय वेदरबी याने १९४० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात शिकारीची अतिवेगवान काडतुसे तयार केली, तेव्हा त्याने प्रचलित समजुतीच्या नेमके उलट केले. आट्यांपूर्वीची गुळगुळीत जागा त्याने मुद्दाम लांबविली. गोळीला विरोधाविना धावू दिल्याने दाबाचा कळस खाली राहतो व दारू अधिक घालता येते, हा त्यातील हिशेब.

येथे शब्दांकडे लक्ष देणे उद्बोधक ठरेल. इंग्रजी परिभाषेत काडतुसाला मान, खांदा व तोंड आहे. मात्र त्याचे 'डोके' मागच्या टोकास आहे. पुंगळीच्या तोंडापुढे नळीचा 'घसा' लागतो. या घशात गोळीने आट्यांपर्यंत ओलांडावयाच्या अंतरास अचूकतेचे उपासक 'उडी' म्हणतात, तर त्याच घशाच्या गुळगुळीत भागास वेदरबीपंथीय 'मोकळी नळी' म्हणतात. जवळजवळ त्याच पोकळीला दिलेल्या या दोन नावांत दोन निर्णय दडलेले आहेत. उडी म्हटले की पडण्याचे भय आलेच. 'काडतुसाची एकूण लांबी' हा शब्दप्रयोगही असाच फसवा. ती टोकापर्यंत मोजतात. पण आट्यांना टेकते ते टोक नव्हे, तर गोळीच्या बाकाचा पूर्ण जाडीजवळचा भाग. दोन गोळ्यांची टोके सारखी नसल्यास समान लांबीच्या काडतुसांतही उडी निराळी असते. म्हणूनच चिकित्सक नेमबाज पुढे बाकापासून मोजू लागले.

१९८० नंतरच्या दशकात विल्यम डेव्हिस याच्या आराखड्यावरून निमुळत्या, अल्परोधी गोळ्या आल्या. त्या आट्यांना टेकल्याखेरीज नीट चालत नाहीत, असा प्रवाद लवकरच रूढ झाला. त्या तयार करणाऱ्या बर्गर कंपनीनेच पुढे निराळा सल्ला प्रसिद्ध केला : आट्यांत ०.०१० इंच रुतलेली, आणि आट्यांपासून ०.०४०, ०.०८० व ०.१२० इंच दूर, अशा चार स्थानी गोळी बसवून पाहावी. काही रायफलींत सर्वांत दूरचे स्थानच उत्तम ठरते, असा तिचा अनुभव होता.

या चाचणीचेही निष्कर्ष जपूनच वाचावे लागतात. तीन गोळ्यांचा पुंजका योगायोगानेही लहान पडतो, आणि तेवढ्यावरून ठरविलेली खोली दुसऱ्या दिवशी टिकत नाही. दाबाचा विचार तर प्रत्येक स्थानी नव्याने करावा लागतो. शिवाय ज्यापासून अंतर मोजावयाचे ते आटेही स्थिर नसतात. तप्त वायूने घसा झिजतो आणि शेकडो बारांनंतर आट्यांचा आरंभ पुढे सरकतो. नेमबाज मग गोळी थोडी बाहेर बसवून त्यांचा पाठलाग करतो, आणि गोळी पेटीत मावेनाशी झाली, किंवा पुंगळीच्या मानेत तिला पुरेशी पकड उरली नाही, की तो पाठलाग सोडून देतो.