शॉट क्लॉक (पूल)

पूल या क्यूने खेळायच्या खेळात एक फटका किती वेळात मारायचा, याची मर्यादा मोजणारे घड्याळ. व्यावसायिक सामन्यांत ते पंचांच्या देखरेखीखाली चालते. मर्यादा ओलांडली की फाउल होतो.

गरज : पूलमध्ये खेळाडू चेंडू पॉकेटमध्ये घालत राहतो, तोवर टेबल त्याच्याकडेच असते. प्रतिस्पर्धी खुर्चीत बसून राहतो. मुद्दाम रेंगाळून त्याची लय मोडणे त्यामुळे सोपे जाते. शॉट क्लॉक या संथपणाला आळा घालते. सामन्याचे दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण ठरल्या वेळेत बसण्यासही त्याची मदत होते.

नियम : जागतिक पूल संघटनेच्या नियमांनुसार पंचांना खेळ फार संथ वाटला, तर ते आधी खेळाडूला वेग वाढवायला सांगतात. फरक पडला नाही, तर घड्याळ लावतात. संथपणा एकाचा असला तरी घड्याळ दोघांनाही लागू होते. प्रचलित मर्यादा ३५ सेकंदांची आहे. १० सेकंद उरले की पंच तसे मोठ्याने सांगतात. प्रत्येक रॅकमध्ये (डावात) खेळाडूला एकदा २५ सेकंदांची वाढीव मुदत घेता येते. सर्व चेंडू थांबल्यावर मोजणी सुरू होते. जागच्या जागी फिरणारा चेंडूही पूर्ण थांबावा लागतो. क्यूचे टोक पांढऱ्या चेंडूला लागले की मोजणी संपते. वेळ संपल्यास नाइन-बॉलसारख्या प्रकारात प्रतिस्पर्ध्याला पांढरा चेंडू टेबलावर हवा तिथे ठेवून खेळता येतो. व्यावसायिक पातळीवर एवढी सवलत रॅक जिंकून द्यायला बऱ्याचदा पुरते.

युरोप आणि अमेरिका यांच्यात १९९४पासून होणाऱ्या मॉस्कोनी चषक या पूल स्पर्धेत मर्यादा ३० सेकंदांची असते आणि प्रत्येक रॅकमध्ये एक वाढीव मुदत मिळते.

पंचांची भूमिका : चेंडू थांबला की नाही, हे पंच ठरवतात. क्यू चेंडूला दोनदा लागला का, आधी योग्य चेंडूला स्पर्श झाला का, हेही त्यांनाच पाहायचे असते. खेळाडूने विचारल्यास ते वस्तुस्थिती सांगतात, सल्ला देत नाहीत. प्रत्येक टेबलावर पंच नसेल, तर वादग्रस्त ठरू शकणाऱ्या फटक्याआधीच पंचांना बोलावून घेण्याची जबाबदारी खेळाडूंवर असते. फटका होऊन गेल्यावर सत्य ठरवायला टेबलावर काही उरत नाही. घड्याळ फक्त सेकंद मोजते. ते केव्हा सुरू करायचे, हा निर्णय पंचांचा असतो आणि तो दोन्ही खेळाडूंसाठी सारखा असला तरच नियम न्याय्य ठरतो.

इतर खेळ : बिलियर्ड्‌समध्ये अनेक स्पर्धांत संपूर्ण सामन्याची वेळ ठरवलेली असते. त्या वेळेत एकच खेळाडू दीर्घकाळ टेबल राखू शकतो. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ व १९६४ साली या खेळाचे जागतिक हौशी विजेते ठरले. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ व १९८३ साली तो मान मिळवला. १९७८च्या राष्ट्रीय स्पर्धेत फरेरा यांनी १,१४९ गुणांचा ब्रेक (सलग खेळी) केला. प्रत्येक फटक्यावर घड्याळ नसलेल्या खेळात संयमालाही किती मोल असते, हे अशा खेळीतून कळते. स्नूकरमध्ये सहसा शॉट क्लॉक नसते. वेळकाढूपणा करणाऱ्या खेळाडूला पंच ताकीद देतात आणि तो न सुधारल्यास त्याला फ्रेम गमवावी लागू शकते. स्नूकर शूटआउट ही स्पर्धा मात्र घड्याळावरच उभी आहे. तिची फ्रेम १० मिनिटांची असते. पहिल्या पाच मिनिटांत फटक्याला १५ सेकंद मिळतात, नंतर १०.

महाराष्ट्रातील वाचकाला अशा घड्याळाची सर्वांत जवळची ओळख कबड्डीत सापडते. मोरा-उरणपासून अलिबागपर्यंत रायगडच्या मैदानांवर रुजलेल्या या खेळात चढाईची मर्यादा पूर्वी चढाईपटूच्या दमाने ठरत असे. आता चढाईला ३० सेकंदांचीही मर्यादा आहे. दम तुटला की नाही, यावर वाद होऊ शकत असे. सेकंदांचा हिशेब दोन्ही संघांना आणि प्रेक्षकांना दिसतो. पूलमधील शॉट क्लॉकचे मोलही याच उघडपणात आहे. वेळ कुणी दवडला हे मतावर न राहता सर्वांसमोर मोजले जाते आणि हरलेल्या खेळाडूलाही ते मान्य करता येते.