हळदीचं पेटंट आणि आजीची हळद

परवा ऑफिसखालच्या कॅफेत मेनूवर 'टर्मरिक लाटे' वाचलं आणि हसू आलं. आमच्याकडे त्याला हळदीचं दूध म्हणतात, आणि ते पाजायला आजीला माझ्यामागे धावावं लागायचं! मी वसमतकडचा, जिल्हा हिंगोली. घरचं वर्षाचं गणित हळदीवर.

जागतिकीकरण म्हटलं की आपल्याला 1991 आणि आपल्या आयटीतल्या नोकऱ्या आठवतात. मला 1995 आठवतं. त्या जानेवारीत जागतिक व्यापार संघटना सुरू झाली आणि मार्चमध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं चक्क पेटंट मिळालं. संशोधक कोण, तर भारतीय वंशाचेच. घ्या!

आता हे पेटंट अमेरिकेपुरतं होतं, वसमतच्या स्वयंपाकघरात कोणी पोलीस येणार नव्हता. पण तिकडे त्या कामासाठी हळद विकायची तर परवानगी मागावी लागली असती. डॉ. माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख. सीएसआयआरने 1996 मध्ये आव्हान दिलं आणि 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. (माझा जन्मही त्याच वर्षीचा, योगायोग.)

ही गोष्ट आपण शाळेत विजयकथा म्हणून ऐकतो. पण पुरावा काय दिला, ते बघा. जुने ग्रंथ, 1953 चा वैद्यकीय नियतकालिकातला एक लेख, असे 32 संदर्भ. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात परदेशातला नुसता वापर चालत नसे, छापील काहीतरी लागायचं. म्हणजे माझ्या गुडघ्यावर हळद दाबणारी आजी साक्षीला गेली असती तर शून्य मार्क! डॉक्युमेंटेशन नसेल तर फीचर अस्तित्वातच नाही, हे आपण रोज ऐकतोच.

पुढे 2001 पासून सरकारने पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभारलं, तेही मुख्यतः ग्रंथांतून. 2024 मध्ये 'वसमत हळद' नावाला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव सांभाळलं गेलं, आनंद आहे. पण हळद किती शिजवायची, हे आजीला वासावरून कळायचं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "काडी टोचून बघ, सुळकन गेली की झालं. हे काय लिहून ठेवायचं असतं व्हय रं?"

आजी 2019 ला गेली. लॅपटॉपवर एक फाइल केलीय. आतापर्यंत त्यात काडीचीच एक ओळ आहे. दिवाळीत गावी गेलो की काकूला विचारणार.