दोन गुंठे आणि दीडशे रुपये

मंडळी, होम लोन, ईएमआय, बिल्डर, रजिस्ट्रेशन हे शब्द ऐकले की वाटतं, हे सगळं लचांड आपल्याच पिढीच्या मागे लागलंय. आजोबांच्या वेळी कसं सोपं होतं! माती कालवली, दगड रचले, गावातल्या सुताराला बोलावलं, घर झालं. पण आमच्या शिरूर तालुक्याचा इतिहास वाचायला घेतला की हा समज फार टिकत नाही.

डिसेंबर १८७४ ची गोष्ट. गाव कर्डे, तालुका शिरूर. कारेगावहून गाडी काढली तर फार लांब नाही. तिथले बाबासाहेब देशमुख म्हणजे गावातलं वजनदार घराणं. काळूराम नावाच्या सावकाराने त्यांच्यावर दीडशे रुपयांची डिक्री मिळवली आणि तिच्या जोरावर त्यांचं घर पाडायला काढलं. आजच्या भाषेत सांगायचं तर हप्ते थकले, कोर्टाची ऑर्डर आली आणि प्रॉपर्टी गेली. फरक इतकाच की तेव्हा नोटीस चिकटवून कुलूप न लावता थेट वासे उतरवले!

गावाला हे सहन झालं नाही. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या शेतात कोणी राबेना, न्हावी दाढी करेना, पाणक्या पाणी भरेना. शेवटी त्यांना चंबूगबाळं आवरून शिरूरला जावं लागलं. ही बातमी गावोगाव पसरली, आणि पाच महिन्यांनी, १२ मे १८७५ ला, सुप्याच्या (तेव्हा भीमथडी तालुका, आता बारामती) बाजाराच्या दिवशी भडका उडाला. शाळेच्या पुस्तकात आपण 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन ओळी पाठ केल्या ते हेच. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत हे लोण पसरलं. ९५१ लोकांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा झाली.

आता गंमत बघा. एवढा मोठा जमाव, एवढा राग, पण लोक मागत काय होते? कर्जरोखे. सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. कागदांची होळी केली आणि लोक घरी गेले. म्हणजे ह्या अडाणी म्हटल्या गेलेल्या शेतकऱ्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. आपलं घर विटांत नाही, वाशांत नाही. ते त्या कागदात आहे, आणि तो कागद दुसऱ्याच्या पेटीत आहे.

हे असं झालं कसं? थोडं मागे जाऊ. (इथे कंटाळा आला तर चहा घेऊन या, पण पुढचं वाचा.)

पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी जमीन मोजायला घेतली. प्रिंगल साहेबाची पहिली मोजणी फसली. मग १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनी आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, नव्याने सुरुवात केली. शेताच्या कोपऱ्यांवर हद्दीचे दगड, प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर, तीस वर्षांसाठी ठरलेला सारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सारा भरत राहील त्याला ती जमीन विकता येईल, गहाण टाकता येईल, मुलाला देता येईल. आज तुम्ही-आम्ही जो गट नंबर विचारतो त्याचं मूळ ह्या मोजणीत आहे. आपला गुंठाही साखळीने मोजायचा. ३३ फुटांच्या साखळीने ३३ बाय ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर.

जमिनीला असा नंबर मिळाला की ती तारण म्हणून चालायला लागते. १८६० पर्यंत रेल्वे दौंडवरून सोलापूरला पोचली होती. रेल्वेच्या कामावर रोकड मजुरी मिळत होती. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार हसत हसत कर्ज देत होता, कारण भाव वर जात होते आणि तारण पक्कं होतं. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले. तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ पासून इंदापुरात वाढीव सारा आला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे साध्या कर्जावर तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागे. कायदा केला कर्जदाराच्या भल्यासाठी, पण सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घ्यायला लागला. शेतकरी खाली नांगराची निशाणी काढून मोकळा. वर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं.

भाव चढतात, कर्ज सोपं होतं, सगळे घेतात, मग एक दिवस भाव पडतात आणि हप्ता मात्र तसाच राहतो. कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय ना? :-)

आता दीडशे वर्षं पुढे येऊ. कारेगावला. पुणे-नगर रस्ता, शेजारी रांजणगावचा महागणपती आणि त्याच्याच नावाची एमआयडीसी. फियाट, एलजी, व्हर्लपूल हे आले, त्यांच्या मागून त्यांना सुटे भाग पुरवणारे आले आणि जिरायत रानांना एकदम भाव आला. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली पोरं इथे खोल्या करून राहतात. एका रांगेत दहा खोल्या, बाहेर बुटांचा ढीग, तीन शिफ्ट. त्यातला कोणी टिकला, पर्मनंट झाला, लग्न झालं, मूल झालं, की त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागतो. दोन गुंठे घ्यायचे.

आमचा एक दादा (मावसभाऊ हो) त्यातलाच. एका कंपनीत लाइनवर सुपरवायझर, बायको आणि चार वर्षांच्या पोरीसह एका खोलीत. वहिनीला नोकरी करायची आहे, पण पोरीला सांभाळणार कोण, आणि गावाहून मावशीला आणायचं तर झोपवायचं कुठे? सगळ्या प्रश्नांचं उत्तर दोन गुंठे. मध्यंतरी त्याने मला एक सातबारा पाठवला आणि विचारलं, "तू इंजिनियर आहेस, बघ रे जरा, बरोबर आहे का."

बघितला. भोगवटादार म्हणून नावं अकरा. क्षेत्र वीस गुंठे. दादाचं बारावं नाव लागणार.

ही काय भानगड आहे? तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा. शेतजमिनीचे इतके लहान तुकडे होऊ नयेत की त्यात पिकवणंच परवडू नये, म्हणून केलेला. ठरावीक प्रमाणापेक्षा लहान तुकडा विकता येत नाही. २०२३ मध्ये हे प्रमाण जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं करण्यात आलं. दोन गुंठे दोन्हीकडून नापास. मग लोकांनी वाट काढली. दहा-बारा जणांनी मिळून वीस गुंठे घ्यायचे, सातबारा सामाईक, आणि कोणाचा तुकडा कुठला हे जागेवर चुन्याच्या फक्कीने ठरवायचं. कागदावर सगळ्यांचं सगळं, जमिनीवर ज्याचं त्याचं. पाऊस पडला की फक्की धुऊन जाते ती गोष्ट वेगळी.

आमच्या धंद्यात ह्याला वर्कअराउंड म्हणतात. सिस्टिम नाही म्हणते, म्हणून युजर मागच्या दाराने काम करून घेतो. चालतंही ते, अडचण येईपर्यंत. उद्या बांधकामाला कर्ज काढायचं म्हटलं की बँक सामाईक सातबारा बघून हात वर करते. विकायचं म्हटलं की बाकीच्या नावांच्या मागे फिरावं लागतं. त्यातला एक वारला की वारसांची चार नावं लागतात. दादाच्या दोन गुंठ्यांचं भवितव्य अकरा अनोळखी कुटुंबांशी बांधलेलं.

सरकारलाही हे माहीत आहे. २०१७ मध्ये बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरून असे व्यवहार नियमित करायची सोय केली. लोक फिरकले नाहीत म्हणून पुढे ती ५ टक्क्यांवर आणली. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये अध्यादेश काढून १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ ह्या काळातले, ठरावीक भागांतले व्यवहार शुल्क न घेता नियमित करायची वाट मोकळी केली. साठ वर्षांचे व्यवहार! म्हणजे साठ वर्षं लोक मागच्या दारानेच घरं बांधत होते. पण नीट वाचा, त्याला शेवटची तारीख आहे. दादाचा व्यवहार अजून व्हायचाय. गेल्या वेळी माफी झाली म्हणून पुढच्या वेळीही होईल हा हिशेब एजंट सांगतो, कायदा नाही.

"पण रजिस्टर खरेदीखत होणार आहे ना, मग काय?" दादाचा प्रश्न. इथे बहुतेक लोक अडकतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे आपल्याकडे नोंद होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. दस्त झाला एवढंच सरकार सांगतं. विकणारा खरा मालक होता ही हमी ते देत नाही. सातबाऱ्याचंही तसंच. ती महसुलाची नोंद आहे, उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरायची. ऑस्ट्रेलियात टॉरेन्स नावाच्या माणसाने १८५८ मध्ये वेगळी पद्धत आणली. सरकारी रजिस्टरला ज्याचं नाव तोच मालक, आणि हमी सरकारची. आपल्याकडे मात्र आधीचे सगळे फेरफार उलगडून मालकी शोधावी लागते. कोडचा जुना इतिहास तपासत बसल्यासारखं, फक्त इथे कमेंट मोडी लिपीतही निघू शकतात.

आता परत १८७५ कडे, कारण दंग्यांनंतर जे झालं ते मला सगळ्यात कामाचं वाटतं. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर ह्या चार जिल्ह्यांसाठी. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद. कोर्टाने नुसता रोखा न बघता पहिल्यापासूनचा हिशेब उकलायचा. रोखे गावच्या रजिस्ट्रारसमोर करायचे. आणि शेतकऱ्याला तीन हक्क मिळाले. दिलेल्या पैशाची लेखी पावती, वर्षाला हिशेबाचा उतारा, आणि मागितलं तर पासबुक.

अर्थात सावकारांनीही वर्कअराउंड काढलाच. गहाणखताला कोर्ट उकलतंय म्हटल्यावर ते सरळ खरेदीखतच लिहून मागायला लागले. कायदा एक दार बंद करतो, लोक खिडकी शोधतात. सामाईक सातबारा ही त्याच घरातली खिडकी.

पण पावती, उतारा, पासबुक ही तीन हत्यारं आजही गंजलेली नाहीत. घर बांधायला काढलेल्या कोणालाही विचारा. ठेकेदाराशी बोलणी होतात चहाच्या टपरीवर. दर चौरस फुटावर ठरतो, पण तो नुसत्या मजुरीचा की मालासकट, त्यात प्लास्टर आतून-बाहेरून की फक्त आतून, पाण्याची टाकी धरली की नाही, हे सगळं 'होऊन जाईल हो' मध्ये. मग जोत्यापर्यंत काम येतं तोवर स्लॅबचे पैसे गेलेले असतात आणि मिस्त्री दुसऱ्या साइटवर. एक शंभर पानी वही आणा. पाया, जोतं, वीटकाम, स्लॅब, प्लास्टर असे टप्पे पाडा, टप्पा झाला की पैसे, तारीख, दोघांच्या सह्या. भांडण होऊ नये म्हणून नाही, झालं तर दोघांकडे एकच हिशेब असावा म्हणून. फ्लॅट घेणार असाल तर २०१७ पासून महारेरा आहे, तिथे प्रकल्पाची माहिती घरबसल्या बघता येते. पण ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर नोंदणीची सक्ती नाही, आणि गावाकडच्या बऱ्याच छोट्या इमारती नेमक्या त्यात बसतात. तिथे वहीच आपली रेरा.

दादाला मी काय सांगितलं? तीन गोष्टी. जुने फेरफार काढ आणि वकिलाकडून वाचून घे, मला इंजिनियर म्हणून विचारू नकोस. 'इतर हक्क' ह्या रकान्यात काय लिहिलंय ते एजंटकडून नाही, तलाठ्याकडून समजून घे. आणि गावठाणातली किंवा रीतसर एनए झालेली एक गुंठ्याची जागा मिळत असेल तर ती ह्या दोन गुंठ्यांपेक्षा मोठी आहे असं समज. तो थोडा नाराज झाला. दोन गुंठे म्हणजे पुढे अंगण, पोरीला झोका. एका गुंठ्यात झोका बसत नाही म्हणाला. मला उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते अंगण माझ्याही डोळ्यांपुढे येतं. व्यवहार अजून झालेला नाही, इसार दिलेला नाही. फेरफार काढायला त्याने अर्ज केलाय एवढं मात्र खरं.

१८७५ च्या माणसाला कागद वाचता येत नव्हता, म्हणून त्याने तो जाळला. आपल्याला वाचता येतो, डिजिटल सहीचा सातबारा मोबाइलवर मिळतो, आणि तरी आपण तो एजंटला फॉरवर्ड करून विचारतो, 'ठीक आहे ना?' दीडशे रुपयांसाठी घर गेलं ते रक्कम मोठी होती म्हणून नाही, कागद एकाच बाजूला वाचता येत होता म्हणून.

असो. बराच लांबला लेख. तुमच्या गावाकडे सामाईक सातबाऱ्याचा काय अनुभव आहे ते जरूर सांगा, दादाला वाचून दाखवीन. पुढच्या वीकांताला भेटूच.