अरुंद दार आणि शिकवणीचा बाजार

शाळा सुटली की मुलानं शिकवणीला जायचं आणि आईबापांनी फीची जुळवाजुळव करायची, हे चित्र आपल्या परिचयाचं आहे. पण एखाद्या सरकारनं हा सगळा बाजारच एका हुकमानं उठवला, असं क्वचित घडतं. चीनमध्ये ते जुलै २०२१ मध्ये घडलं. त्याविषयी मला आज बोलायचं आहे. मात्र त्यासाठी आधी बरंच मागं जावं लागेल.

सरकारी अधिकारी परीक्षेतून निवडण्याची पद्धत चीनमध्ये सुमारे तेराशे वर्षं चालली आणि १९०५ साली बंद झाली. कागदावर ती बहुतेक सर्व पुरुषांना खुली होती. शेतकऱ्याच्या मुलालाही बसता येत असे. पण जुने ग्रंथ मुखोद्गत करायला वर्षानुवर्षं लागत. तितकी वर्षं कमावत्या वयाच्या मुलाला नुसतं पोसणं गरिबाला कसं परवडावं? श्रीमंत घरी पंतोजी ठेवत, आणि हे पंतोजी पुष्कळदा परीक्षेत अडकलेलेच असत. भुताखेतांच्या कथांसाठी नावाजलेला लेखक पू सोंगलिंग (१६४०-१७१५) पहिल्या पायरीवर चमकला, पण प्रांताच्या परीक्षेत वारंवार नापास झाला. त्याचं अर्धं आयुष्य एका धनिकाच्या घरी मुलांना शिकवण्यात गेलं. म्हणजे शिकवणी ही चीनमध्ये कालपरवाची गोष्ट नाही.

आता एकदम १९७७ सालात येऊ. सांस्कृतिक क्रांतीत, १९६६ पासून, विद्यापीठाची प्रवेश परीक्षा बंद होती. ती ‘गाओकाओ’ परीक्षा त्या वर्षी डिसेंबरात पुन्हा घेण्यात आली. सुमारे ५७ लाख उमेदवार बसले आणि प्रवेश मिळाला जेमतेम पावणेतीन लाखांना, म्हणजे शंभरातल्या पाचांनासुद्धा नाही. शेतावर आणि कारखान्यात राबणारे तरुण जुनी पुस्तकं मिळवून रात्री अभ्यास करत होते. त्या परीक्षेची एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दार अतिशय अरुंद होतं, पण विकत घेण्याजोगी शिकवणी जवळजवळ कोणाकडेच नव्हती.

पुढं आर्थिक सुधारणा आल्या, शहरांत पैसा आला. १९८० पासून एक मूल धोरण होतं, त्यामुळं आईबाप आणि दोन्हीकडचे आजीआजोबा यांची सारी आशा एकाच मुलावर. यू मिन्होंग हा शेतकऱ्याचा मुलगा दोनदा नापास होऊन १९८० साली तिसऱ्या खेपेला पेकिंग विद्यापीठात पोहोचला होता. त्यानं १९९३ साली बीजिंगमध्ये ‘न्यू ओरिएंटल’ नावाचे इंग्रजीचे वर्ग काढले. खळीची बादली घेऊन तो स्वतः जाहिराती चिकटवत फिरत असे. २००६ साली तीच संस्था न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात गेली. शिकवणी आता पंतोजीच्या पोटापाण्याचा प्रश्न राहिली नव्हती, ती गुंतवणूकदारांचा धंदा झाली होती.

याच काळात लक्षावधी खेडूत मजुरीसाठी शहरांत गेले. पण चीनमध्ये कुटुंबाची नोंद गावाशी बांधलेली असते. शहरातल्या सरकारी शाळेत प्रवेश मिळवताना या मजुरांच्या मुलांना अडथळे येत, आणि प्रवेश परीक्षा द्यायला अनेकांना मूळ प्रांतात परतावं लागे. असंख्य मुलं गावी आजीजवळच वाढली. शहरातलं एकुलतं एक मूल शनिवार-रविवारी तीन-तीन वर्गांना जात असताना त्यांच्या वाट्याला गावची शाळा तेवढी होती.

अशा वेळी २०२१ चा हुकूम आला. नववीपर्यंतचे शालेय विषय नफ्यासाठी शिकवायचे नाहीत, सुटीच्या दिवशी वर्ग घ्यायचे नाहीत, शेअर बाजारातून भांडवल उभारायचं नाही. मुलांवरचं ओझं आणि पालकांचा खर्च कमी करणं, हा जाहीर हेतू होता. सहा-सात महिन्यांत असे सव्वा लाखाच्या आसपास असलेले वर्ग दहा हजारांच्या आत आले. ‘न्यू ओरिएंटल’नं साठ हजार लोक कमी केले. रिकाम्या वर्गांतली हजारो बाकं खेड्यांतल्या शाळांना दिली. तिथले काही शिक्षक पुढं मोबाइलच्या पडद्यावरून तांदूळ आणि मक्याची कणसं विकू लागले, आणि विकता विकता इंग्रजी शब्दही शिकवू लागले.

हेतू वाईट नव्हता, असं मी म्हणेन. शाळांनीच संध्याकाळी मुलांना थांबवून घ्यावं, ही सोय गरिबांच्या उपयोगाचीही होती. पण नववीनंतरची परीक्षा जागच्या जागी राहिली. तिथं मुलांची सरळ विभागणी होते. काही विद्यापीठाच्या वाटेनं जातात, तर फार मोठा हिस्सा व्यवसाय शिक्षणाकडं वळवला जातो. त्या वाटेला समाजात मान कमी. मग पालकांची भीती हुकमानं कशी जावी? शिकवणी दाराआड गेली. घरकामाच्या मदतनीस म्हणून शिक्षक ठेवले जाऊ लागले, आणि असे प्रकार रोखण्यासाठी सरकारला त्याच वर्षी सप्टेंबरात वेगळी ताकीद द्यावी लागली. २०२३ मध्ये दंडाचे नियमही आले.

यातला हिशेब साधा आहे. वर्गात तीस मुलं असली तर शिक्षकाचा पगार तीस घरांत वाटला जातो. तोच शिक्षक चोरून एकाच घरी आला तर सगळा खर्च त्या एका घरावर पडतो, वर पकडलं जाण्याच्या जोखमीची किंमत वेगळी. श्रीमंताला ते झेपतं. मध्यमवर्गीय कारकून गळतो. गावातल्या मुलाला तर आधीही शिकवणी नव्हती आणि आताही नाही.

म्हणून या इतिहासाकडे पाहताना मला वाटतं की विषमतेचा उगम शिकवणीत नाही. तो अरुंद दारात आहे आणि दारापर्यंत पोहोचण्याच्या असमान वाटेत आहे. गावच्या शाळेत बाकं पोहोचली, हे चांगलंच झालं. त्या बाकांसमोर चांगला शिक्षक उभा राहिला, आणि हाताचं काम शिकणाऱ्या मुलालाही मानाची भाकरी मिळाली, तर पालकांना शिकवणीच्या दाराशी जावंसं वाटणं आपोआप कमी होईल.