खाजणातील भात आणि मासळी

गोव्यातील मांडवी, झुवारी आदी नद्यांच्या खाड्यांलगत बांध घालून भरतीच्या पाण्यापासून सोडविलेल्या सखल जमिनीस ‘खाजण’ अशी संज्ञा आहे. भात आणि मासळी यांचा एकत्र विचार करणारी ही व्यवस्था पोर्तुगीज अंमलाहून जुनी होय. १५२६ साली अफोंसु मेशिया याने गावकारीच्या रूढी सनदेत नोंदविल्या, तेव्हा ही ग्रामसंस्था पूर्ण रूढ झालेली होती.

व्यवस्थेचे मर्म ‘मानस’ या लाकडी दारात आहे. रायगडच्या खारभूमीत त्याच जातीच्या दारास ‘उघाडी’ म्हणतात. भरतीच्या दाबाने झडपा मिटतात व ओहोटीस आतील पाण्याच्या दाबाने उघडतात. पावसाने जमिनीतील क्षार धुऊन गेले म्हणजे खारेपणा सोसणारे कोरगूट भात लावावयाचे. कापणीनंतर खारे पाणी बेताने आत घ्यावयाचे. त्या पाण्यासवे कोळंबी व माशांची पिले येत आणि ओहोटीस दाराशी लावलेल्या जाळ्यात मासळी सापडे. या मासेमारीच्या हक्काचा लिलाव गावकारी करी व त्या उत्पन्नाचा उपयोग बांधांच्या डागडुजीस होई. मासळीने बांध राखला, बांधाने भात राखले.

तथापि या व्यवस्थेस समतेचे रूप देणे युक्त नव्हे. गावकारीचा अधिकार मूळ कुळांच्या पुरुष वंशजांपुरताच होता. चिखलात राबणारे पुष्कळसे त्याबाहेर होते. म्हणूनच १९६४ चा कूळ कायदा व १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणारास दिलेले हक्क न्याय्यच होते. मात्र जमिनीचा हक्क हस्तांतरित झाला, तरी दार राखण्याची शिस्त त्याबरोबर आपोआप आली नाही. बांध व मानस यांची जबाबदारी कूळसंघांकडे गेली. पण कोळंबीचा भाव वाढला, तसा कित्येक ठिकाणी लिलावाचा पैसाच प्रधान ठरला. अवेळी व अतिरिक्त पाणी घेतल्याने बांध खचले, शेतात क्षार साचले. पडीक शेतांत खारफुटी माजली. बांधाबाहेर लाटांचा मारा झेलणारी तीच वनस्पती आत शिरताच शेतीस प्रतिकूल ठरली.

सारांश, भात व मासळी यांत स्वभावतः वैर नाही. दार केव्हा उघडावे, हे ठरविणाऱ्यास बांधाचीही चिंता वाहावी लागत होती, तोवर दोन्ही पिके एकत्र नांदली. खाजणाचा प्रश्न जितका पाण्याचा, तितकाच तो उत्तरदायित्वाचा आहे.