तमाशाला एकट्यानं जात नसतात

पाडवा जवळ आला की नारायणगावात पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला राहुट्या पडतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा बोर्ड, आत टेबल, डायरी, मराठी कॅलेंडर आणि मॅनेजर. जीपमधून, पिकअपमधून गावोगावच्या यात्रा कमिट्या उतरतात. चहा होतो, घासाघीस होते, सुपारी ठरते. चैत्र पौर्णिमा आणि कालाष्टमी या तिथ्यांना शेकडो गावांच्या यात्रा एकाच वेळी असतात, म्हणून त्या रात्रींचा भाव वेगळा आणि आडवारी वेगळा. हा असा बाजार आहे की जिथं भाजी किंवा जनावरं नाही, तर एक एक रात्र विकली जाते. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला यात नवल वाटत नाही, पण बाहेरच्याला सांगितलं की तो दोनदा विचारतो.

नारायणगावला 'तमाशाची पंढरी' म्हणतात. आपण ते अभिमानानं मिरवतो. पण आज मला कलावंतांइतकंच समोर बसणाऱ्यांविषयी लिहायचंय. म्हणजे आपल्याविषयी. शहरातली पोरं हल्ली आवडत्या बँडचा कार्यक्रम बघायला मित्र-मित्र मिळून पुण्या-मुंबईला जातात, हजारो रुपयांचं तिकीट काढतात आणि आठ दिवस त्याच धुंदीत असतात. त्यांना हसणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी विचारतो, तुम्ही काय वेगळं करत होतात?

तमाशाला एकट्यानं जात नसतात. सिनेमाला माणूस एकटा जाईल, कीर्तनाला जाईल, तमाशाला नाही. आमच्या वडिलांच्या पिढीनं बैलगाड्या जुंपून, घोंगड्या घेऊन, चार-चार कोस तुडवत बाऱ्या पाहिल्या. आमची पिढी, म्हणजे नव्वदीत मिसरूड फुटलेली, सायकलवर डबलसीट नाहीतर कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. संध्याकाळी पारावर ठरायचं, कोणत्या गावाला कोणाचा फड आलाय. मग भांडण. आमच्यात दोघं मंगला बनसोडेंच्या फडाचे कट्टर, दोघं रघुवीर खेडकरांचे. एक म्हणायचा, विठाबाईंची लेक आहे ती, तो ठसका दुसरीकडं नाही. दुसरा म्हणायचा, सोंगाड्या बघायचा तर खेडकरच, कांताबाई सातारकरांचा मुलगा आहे तो. क्रिकेटवरून एवढं भांडलो नाही आम्ही.

आणि मग ती वेळ. कनातीच्या आत दाटीनं बसलेली माणसं, गॅसबत्ती जाऊन आलेल्या जनरेटरची घरघर, शेंगदाण्याच्या पुड्या. पडदा अजून बंद. पडद्यामागून आधी हलगी कडाडायची. मग कडं, मग ढोलकी. हलगी आणि ढोलकीची सवाल-जवाबासारखी जुगलबंदी सुरू झाली की शेजारच्याचा गुडघा आपल्या गुडघ्याला ताल देतोय हे कळायचं. ज्यानं ही सलामी मित्राच्या खांद्याला खांदा लावून ऐकलीय त्याला रोमांच म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पुढं गण, मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांना अडवणारा पेंद्या, आणि बहुतेक वेळा पुरुषानंच केलेली मावशी. मग बतावणी, रंगबाजी, गाणी. आणि मध्यरात्र उलटली की वग.

तरण्या पोरांना गाण्यांचं वेड, हे खरंय. शिट्ट्या, उडवलेल्या टोप्या, 'वन्स मोअर'. पण म्हातारी माणसं वगाला जागी व्हायची. कळती पोरंही हळूहळू वगाची झाली. कारण सोंगाड्या त्यात गावच आणून ठेवायचा. राजाच्या दरबारात एकदम सोसायटीचं कर्ज निघायचं, उसाची तोड निघायची, सरपंचाची चिमटी घेतली जायची, आणि सरपंच पहिल्या रांगेत बसून हसायचा. हसावंच लागायचं. वर्षातून एक रात्र गावातल्या मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर कोणीतरी खरं बोलायचं. बातमीदारीचा डिप्लोमा मी नंतर केला, पण त्या धंद्याची पहिली ओळख मला सोंगाड्यानं करून दिली असं मी नेहमी म्हणतो.

पहाटे वग संपायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी, दुपारी कुस्त्यांचा आखाडा. जागून लाल झालेले डोळे घेऊन घरी यायचो आणि पुढचे पंधरा दिवस वगातले संवाद एकमेकांवर फेकायचो.

हा सगळा आनंद पुरुषांचा होता, हेही लिहून ठेवतो. कनातीत बायका स्टेजवर असायच्या, समोर जवळजवळ नसायच्याच. आमच्या आयांनी हलगी ऐकली ती ओट्यावरून, वारा इकडचा असेल तर. ज्या कलेनं बाईला स्टेजवर राज्य दिलं ती कला घरच्या बाईला बघायची चोरी होती. अलीकडं हे चित्र थोडं बदललंय, पण थोडंच.

आता हे सगळं आपल्याच भागात का वाढलं? माझा अंदाज सांगतो. एक म्हणजे रस्ता. पुणे-नाशिक रस्ता, आळेफाट्याला त्याला छेदणारा कल्याण-नगर रस्ता. फडाच्या ट्रकांना चारही दिशा मोकळ्या. दुसरं, परंपरा याच पट्ट्यातली. घाट चढून पलीकडं गेलं की संगमनेर, तिथले शाहीर अनंत फंदी. त्याच तालुक्यातल्या हिवरगावची पवळा, जिच्या आणि पठ्ठे बापूरावांच्या जोडीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्र वेडा केला. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, वाळवा तालुक्यातल्या रेठऱ्याचा ब्राह्मण. फडासाठी त्यांनी घरदार, जात सगळं मागं टाकलं. आणि तिसरं, पैसा. मुंबईच्या बाजारात आणि गिरणीत राबणारी आपली माणसं यात्रेला गावी यायची ती वर्गणी खिशात घेऊनच. पुढं कुकडीचं पाणी आलं, ऊस आला, टोमॅटो आला, यात्रा मोठ्या झाल्या. मुंबईत असताना ही माणसं लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशा बघायची, गावात आली की कनातीत. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातला तो प्रेक्षकच पांगला.

आणि चौथं कारण म्हणजे एक घराणं. भाऊ-बापू मांग नारायणगावकर. फडाच्या नावातच जात. इतर ठिकाणी ज्या नावानं वेशीबाहेर बसवलं, तेच नाव बोर्डावर मोठ्या अक्षरांत, आणि ते वाचून माणसं लोटायची. या घरात १९३५ मध्ये विठाबाई जन्मल्या. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. मी त्यांना भरात पाहिलं नाही, आमच्या वडिलांनी पाहिलं. वडील बोलायचे कमी, पण विठाबाईंचा विषय निघाला की बिडी विझायची त्यांची.

त्यांची ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. दिवस भरलेले असताना बारी सुरू होती. कळा आल्या, त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. आपण ही गोष्ट काय सांगतो? विठाबाईंची जिद्द म्हणून. भाषणात टाळ्या घेणारी गोष्ट आहे ती. मला मात्र ती आता वेगळी ऐकू येते. बाई आत वेदनेत आहे आणि बाहेर माणसं थांबलीत. त्या माणसांत तुमचे-माझे आजोबा-चुलते असतील, मित्रांच्या खांद्यावर हात टाकून. सुपारी घेतली की रात्र पुरी करायची, हा करार. ज्या रोमांचाच्या आठवणी आपण पारावर चघळतो, त्याची किंमत पडद्यामागं कोणीतरी भरत होतं. तिथं ना आडोसा, ना सुईण, ना धड पाणी.

जानेवारी २००२ मध्ये विठाबाई गेल्या. शेवटचे दिवस हलाखीचे. दवाखान्याचा खर्च लोकांच्या मदतीतून भागवावा लागला. त्यानंतर सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

सरकारचं आणि तमाशाचं नातं असंच आहे. स्वातंत्र्याच्या सुमाराला बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना अश्लील म्हणून तमाशावर बंदीच आली होती. कलावंत उठले, धावाधाव झाली, मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली आणि अटी घालून तमाशा पुन्हा सुरू झाला. पुढं 'पिंजरा'सारखे सिनेमे शहरात तुफान चालले. म्हणजे पडद्यावरचा तमाशा चालतो, कनातीतला नको.

हल्लीची अडचण बंदीची नाही, घड्याळाची आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कडक केले. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, ती बहुतेक गणपती-नवरात्रातच संपते. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असलेल्याला विचारा. पण तमाशाची घडण रात्रभराची. साडेनऊला सुरू करायचा आणि दहाला पोलीस गाडी उभी. मग कापायचं काय? गाणी कापली तर पोरं दगड मारतील. म्हणून वग कापतात. सोंगाड्या कापला जातो, सरपंचाला टोचणारा तो तासच कापला जातो. उरतात चार गाणी, आणि चार गाणीच बघायची तर मग डीजे नाहीतर डान्सचा शो काय वाईट, असं कमिटीतली पोरं म्हणतात. त्यांचं गणित बरोबरच आहे. आपणच तमाशा तेवढा उरवलाय.

२०२० साली तर पाडवा आणि लॉकडाऊनचा पहिला दिवस एकच होता, २५ मार्च. राहुट्यांत माणूस नाही. दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंतच्या हंगामात चैत्र-वैशाखावरच वर्षाचं गणित असतं. तो महिना कोरडा गेला, पुढच्या वर्षीचाही गेला. मोठ्या फडात शंभरभर माणसं असतात. कलाकार, वादक, आचारी, ड्रायव्हर, तंबू ठोकणारे. त्यांना हंगामाआधी उचल दिलेली, आणि ती उचल मालकानं कर्जानं आणलेली. त्या दोन वर्षांत किती ढोलक्या खुंटीला लागल्या त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

बैलगाड्याचं आठवा. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणली. आपण गप्प बसलो का? मोर्चे काढले, रस्ता अडवला, पक्ष विसरून एक झालो, वकील लावले. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी आणली, मे २०२३ मध्ये घटनापीठाकडून शिक्कामोर्तब. घाटात पुन्हा भंडारा उधळला. मी बातम्या करायला होतो, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलंय. यात्रेचा दिवस बैलगाड्याचा आणि रात्र तमाशाची, अशी आपली जोडी होती. दिवसासाठी आपण दिल्लीपर्यंत गेलो. रात्रीसाठी तालुक्याच्या ठिकाणी निवेदन द्यायलाही कोणी निघालेलं मी पाहिलं नाही. बैल आपल्या दावणीचा असतो आणि फडातली माणसं आपल्या दावणीची नसतात, एवढंच कारण असेल तर वाईट आहे.

आमच्या गावच्या यात्रेची बैठक येत्या रविवारी देवळात आहे. तमाशा की डीजे, हा विषय निघणारच. मी तमाशासाठी हात वर करणार आणि तीन गोष्टी मांडणार. सूर्य मावळताच, सात वाजता हलगी वाजवायची आणि गाणी निम्मी करून दहाच्या आत वग पूर्ण घ्यायचा. दुसऱ्या दिवशीची हजेरी सोडायची नाही, ती उजेडातच असते, तिला घड्याळाची अडचण नाही. आणि स्टेजच्या मागं कलावंतांसाठी पक्का आडोसा, पाण्याचा टँकर आणि बायकांसाठी दोन संडास कमिटीच्या खर्चानं. समोर बायकांना बसायला अर्धी जागा राखून. आमच्या त्या जुन्या टोळीतला एक जण आता मुंबईत भाजी मार्केटला आहे, त्याला फोन केला. म्हणाला, टँकरचे पैसे माझ्याकडं लाव, फक्त फड खेडकरांचा आण. आमचा दुसरा मित्र हे वाचत असेलच, त्याची कमेंट खाली येईलच.