तळटीप १४ : वेरूळ पाहिलेला ऑपेराकार

१४. ‘फ्रेंच ऑपेराकाराची पत्रे’ : अभिप्रेत संगीतकार आल्बेर रूसेल (१८६९–१९३७). तरुणपणी फ्रेंच नौदलात अधिकारी. १८९४ मध्ये राजीनामा देऊन संगीताकडे वळला. १९०९ मध्ये पत्नी ब्लांशसह हिंदुस्थानात आला. वेरूळ, चितोड, जयपूर, काशी पाहून गेला. त्या प्रवासातून ‘एव्होकास्याँ’ ही वाद्यवृंदरचना झाली (पॅरिस, १९१२). तिच्या पहिल्या भागातले गुहांच्या सावलीतले देव वेरूळचे. गोव्यातल्या साखळीजवळच्या हरवळ्याची लेणी वर्णिताना लेखकाने वेरूळचा दाखला दिला आहे, तो साधर्म्यापुरताच घ्यावा : हरवळ्याचा दगड जांभा, वेरूळचा काळा कातळ, विस्तारातही मोठी तफावत.

चितोडच्या भेटीचे फळ म्हणजे ‘पद्मावती’ हा ऑपेरा-बॅले (संहिता : लुई लालोआ). भारतीय रागांच्या धर्तीवरच्या स्वरपंक्ती त्यात योजलेल्या आहेत. काम १९१४ मध्ये हाती घेतले, तोच महायुद्ध सुरू झाले. रूसेल आधी रुग्णवाहिकेवर, पुढे तोफखान्यात होता. आघाडीवरून ब्लांशला लिहिलेली हस्तलिखित पत्रे याच काळातली. प्रकृतीमुळे १९१८ मध्ये सेवामुक्त झाल्यावर त्याने रचना पूर्ण केली. पहिला प्रयोग पॅरिस ऑपेरात, १ जून १९२३. जायसीच्या ‘पद्मावत’ काव्यात पद्मावतीचा पती, चितोडचा राजा रतनसेन, देवपाल या राजाशी झालेल्या द्वंद्वानंतर मरतो, ऑपेरात मात्र पद्मावतीच त्याला ठार करते आणि मग त्याच्यासह चितेवर चढते. म्हणून मूळ कथेसाठी ऑपेराचा आधार घेऊ नये.